आधी वैरण, मग चंदी

झुंजुमुंजू झालंय. पागेत चंदीची, म्हणजे दाण्याच्या खुराकाची, बादली वाजली आणि घोडीनं दारावर टाप आपटायला सुरुवात केली. घोडीची निगा राखणारा मोतद्दार बादली बाहेरच ठेवतो आणि वैरणीची जाळी उचलतो.

आता हिच्या तोंडाकडे पाहा, आणि कान देऊन ऐका. खालचा जबडा एका अंगाला सरकतो, दाढा गवत भरडतात, जबडा परत जागेवर येतो. किलोभर वाळलं गवत संपवायला घोड्याला तीन हजारांहून जास्त वेळा चावावं लागतं. तेवढीच चंदी हजारभर चावण्यांत संपते. हा फरक मोठा आहे, कारण घोड्याला लाळ सुटते ती चावतानाच. पोटात आम्ल मात्र रात्रंदिवस पाझरत असतं, खाणं असो वा नसो. त्यावर उतारा या लाळेचाच. गव्हाण तासन्‌तास रिकामी राहिली की आम्लाला आवर घालायला काही उरत नाही.

मोकळा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरतो. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं, म्हणजे थोडं थोडं आणि सतत खाण्यासाठीच घडलेलं. गवताचं खरं पचन पुढे, मोठ्या आतड्यात. तिथले सूक्ष्मजीव चोथा आंबवतात आणि त्यातून घोड्याला ताकद मिळते. घोड्याला वैरण घालताना आपण या सूक्ष्मजीवांनाही जेवू घालत असतो.

मोतद्दार गवताची पेंढी सोडतो, झटकतो, नाकाशी नेतो. धूळ उडाली किंवा कुबट वास आला, तर ती बाजूला. मग जाळी काट्याला अडकवतो: 4.7 किलो. घोडीचं वजन 500 किलोच्या आसपास. तिला दिवसाला साडेसात ते दहा किलो कोरडी वैरण लागते, म्हणजे अशा दोन जाळ्या. जाळीची भोकं मुद्दाम बारीक आहेत. काडी काडी ओढून खावं लागतं, वैरण बराच वेळ पुरते.

आणि ही चंदी. डबा एकच. आधी ओट भरून तोलले, मग मका. काट्याचा आकडा पाहा, मका केवढा जड भरला! डब्याच्या मापानं चंदी घालू नका, असं आम्ही कळकळीनं सांगतो ते यासाठी. हलकं काम करणाऱ्या बऱ्याच घोड्यांचं चांगल्या वैरणीवर, मीठ-खनिजांवर आणि स्वच्छ पाण्यावर उत्तम भागतं. मेहनतीच्या घोड्याला चंदी हवी, पण एका वेळी दोन किलोंच्या आत. खुराक बदलायचा तर आठ-दहा दिवस घेऊन, हळूहळू. एकदम जास्त चंदी पडली तर पोटशूळ उठतो, खुरांच्या आत दाह होतो. घोड्याला ओकताही येत नाही.

तळवा बरगड्यांवरून फिरतोय. बरगड्या हाताला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. अंग असं हवं.

पाण्याची बादली भरली. दिवसाला 25 ते 40 लिटर, उन्हाळ्यात आणखी.

जाळी अर्धी झालीय. टाप आपटणं केव्हाच थांबलंय. आता मोतद्दार चंदीची बादली आत आणतो.