टाळूवरची साद

(अंधार. दूरवरून एल्क नराची साद.)

जंगलात कुणी शिट्टी मारतंय असं वाटेल, पण हा एल्कचा नर आहे. आवाज खर्जात घुमत सुरू होतो, चढत चढत किंचाळीला पोचतो आणि शेवटी खरखरीत हुंकारांवर तुटतो. आपल्या सांबराच्याच कुळातलं हे जनावर. अमेरिकेच्या रॉकी पर्वतात सप्टेंबर लागला की नर माजावर येतात आणि पहाटे-संध्याकाळी दऱ्या दणाणून सोडतात. सव्वातीनशे किलोच्या धुडातून इतका बारीक सूर कसा निघतो? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवलं, की नर एकाच वेळी दोन आवाज काढतो: १५० हर्ट्झच्या आसपासची गर्जना, आणि तिच्यावर ४,००० हर्ट्झपर्यंत चढणारी शिट्टी.

नराला जवळ बोलावण्यासाठी शिकारी त्याच्या आवाजाची नक्कल करतात, पण माणसाच्या गळ्याला हे झेपत नाही. त्यासाठी ही वस्तू लागते.

(तळहातावर डायफ्रॅम कॉल.)

घोड्याच्या नालेच्या आकाराची धातूची इवलीशी चौकट, तिच्यावर ताणून बसवलेला लॅटेक्सचा पापुद्रा, भोवती चिकटपट्टीची कड. डायफ्रॅम कॉल टाळूला चिकटवून वाजवतात, त्यामुळे दोन्ही हात धनुष्याला मोकळे राहतात. प्रत्येकाची टाळू वेगळी असते. कड मोठी वाटली तर ती कात्रीने अगदी थोडी थोडी कापायची. जास्त कापली गेली, तर बाजूने हवा निसटते आणि कॉल कायमचा वाया जातो.

नवा कॉल तोंडात गेला की आधी घशाशी येतं, लाळ सुटते. त्यावर उपाय एकच: न वाजवता नुसता टाळूला लावून ठेवायचा, गाडी चालवताना, भांडी घासताना. तोंडाला त्याची सवय झाली की मग फुंकर. पहिले काही दिवस नुसती फुसफुस ऐकू येते. नवशिका गाल फुगवून जोर लावतो आणि आवाज आणखी फाटतो. हवा यायला हवी बेंबीच्या देठापासून, पण बेताने. बाकी सगळी कारागिरी जिभेची. जिभेचा मधला भाग लॅटेक्सवर हलका टेकवला की खालचा सूर लागतो, दाब वाढवला की वरचा. गाणं शिकलेल्यांना हे चटकन कळेल: ही मींड आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं, मध्ये कुठेही तुटायचं नाही.

(घराच्या मागच्या अंगणात सराव करणारी तरुणी. मादीचा आवाज, एकदा, पुन्हा एकदा.)

नराची साद दिमाखदार असते, म्हणून सगळे आधी तिच्याच मागे लागतात. माझ्या मते सुरुवात मादीपासून करावी. मादीचा आवाज छोटा असतो, वरून सुरू होऊन खाली ओघळणारा. जंगलात तोच जास्त उपयोगी पडतो. ज्याच्याभोवती माद्यांचा कळप आहे, असा नर दुसऱ्या नराची साद ऐकून कित्येकदा लढायला येतच नाही, माद्यांना हाकलत पलीकडच्या दरीत निघून जातो. मादीच्या आवाजाने तो असा बिथरत नाही.

आवाजाने जनावर जवळ आणणं आपल्याला नवं नाही. तित्तराची हुबेहूब नक्कल करणारे फासेपारधी महाराष्ट्राने पाहिले आहेत. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकारीचा प्रश्नच मिटवला. अमेरिकेत परवाना काढून, ठरलेल्या हंगामात शिकार करता येते. कोलोरॅडो राज्यातल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात मात्र एल्कची नुसती नक्कल करायलाही बंदी आहे, आणि ती अगदी योग्य आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत फार तर हजारभर एल्क उरले होते. यलोस्टोनच्या भागातून जनावरं आणून सोडली, शिकारीला शिस्त लावली, आणि आज त्या एका राज्यात अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत.

(पहाट. अ‍ॅस्पेनची पिवळी पानं. दोन शिकारी.)

सादेला ओ देणारा नर बहुधा सरळ येत नाही. जिथे वाऱ्यावर वास मिळेल, अशा बाजूने तो वळसा घेतो. म्हणून जोडीतले दोघं पुढे-मागे बसतात. तरुणी धनुष्य घेऊन पुढे, तिचे काका कॉल घेऊन चाळीस-पन्नास मीटर मागे. नराचा कान मागच्या आवाजावर असतो आणि वाटेत तो पुढचीच्या टप्प्यात येतो. तो निघाला की काका गप्प होतात. जवळ आलेल्या नराला आवाज नेमका कुठून आला ते कळतं आणि तिथे मादी दिसली नाही की तो पाठ फिरवतो.

धनुष्य ताणलेलं आहे, नर चालतोय. चालत्या जनावरावर बाण सोडायचा नसतो. नेम हुकून जखम भलतीकडे झाली, तर ते तडफडत डोंगरभर फिरतं. म्हणून आता मागून मादीचा एकच हलका आवाज. नर थबकतो, मान वळवतो. दोन-तीन सेकंद मिळतात. घरामागच्या अंगणातला सगळा रियाज या दोन-तीन सेकंदांसाठी होता.

बाण लागल्यावर त्या दोघांचा दिवस संपत नाही. शंभरेक किलो मांस ऊन चढण्याआधी थंड करायचं, हाडांपासून सोडवायचं आणि पाठीवरच्या पिशव्यांतून, खेपा घालत, गाडीपर्यंत उतरवायचं. पहिली खेप काकांनी उचलली आहे.