मौआतुआ : पिटकेर्नची मूळ माता

मौआतुआच्या हातचं मलमलीसारखं तलम कापड विणलेलं नाही, कुटलेलं आहे. झाडाची साल सोलायची, आतला पापुद्रा पाण्यात भिजवायचा आणि ओंडक्यावर ठेवून खाचा पाडलेल्या लाकडी दांड्याने कुटत राहायचं. पापुद्रे एकमेकांत मुरतात, कापड रुंदावत जातं. हा तापा. मौआतुआच्या हातचा तापा आजही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

मौआतुआ प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटाची. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुक आलेला आठवतो, असं ती म्हातारपणी सांगायची. एप्रिल 1789 मध्ये ‘बाउंटी’ या ब्रिटिश नौदलाच्या जहाजावर बंड करणाऱ्या फ्लेचर ख्रिश्चनची ती जोडीदारीण. सिनेमावाल्यांनी तिला सुंदर प्रेयसी करून ठेवलं आणि हात झटकले. तिचं खरं आयुष्य तर त्यानंतरचं.

जानेवारी 1790. बाउंटी निर्जन पिटकेर्न बेटाला लागली. नऊ बंडखोर, सहा पॉलिनेशियन (ताहिती आणि आसपासच्या बेटांवरचे) पुरुष, बारा बायका, एक तान्ही मुलगी. यातल्या कित्येकींना फसवून आणलं होतं; त्या जहाजावर असतानाच नांगराचा दोर तोडला होता. बेटावर उतरल्यावर काही दिवसांतच जहाज जाळलं. परतीची वाट बंद.

गोऱ्यांनी जमीन आपसांत वाटून घेतली आणि पॉलिनेशियन पुरुषांना गड्यासारखं राबवलं. बायकांचीही वाटणीच. सप्टेंबर 1793 मध्ये व्हायचं तेच झालं. पॉलिनेशियन पुरुषांच्या हातून पाच बंडखोर मारले गेले, ख्रिश्चन त्यांतलाच. मौआतुआच्या पदरात दोन मुलगे, तिसरं पोटात. पाठोपाठ पॉलिनेशियन पुरुषही एकूण एक संपले.

बायकांना घरी जायचं होतं. 1794 मध्ये त्यांनी होडी बांधायला घेतली. जेनी नावाच्या बाईने तर त्यासाठी आपल्या घराच्या फळ्या उचकटल्या. ऑगस्टमध्ये होडी पाण्यात लोटली. उलटली.

मग त्या राहिल्या. 1800 सालानंतर बंडखोरांपैकी उरलेला प्रौढ पुरुष एकच, जॉन ॲडम्स. गावाला नाव त्याचं, ॲडम्सटाउन. बाहेरून आलेल्या कप्तानांनी कौतुकही त्याचंच केलं. पण वीसहून जास्त पोरांच्या तोंडी घास आणि अंगावर तापा या बायकांमुळे होता.

नोव्हेंबर 1838 मध्ये ब्रिटिश कॅप्टन एलियटच्या मदतीने बेटाचे कायदे लिहिले गेले. 18 वर्षांवरच्या बायकांनाही मताचा हक्क मिळाला. ब्रिटनमधल्या बायकांना संसदेसाठी मत द्यायला 1918 उजाडलं, तेही सगळ्यांना नाही.

मौआतुआ तेव्हा हयात होती. 1841 मध्ये फ्लूच्या साथीत ती गेली. पिटकेर्नवर आणि नॉरफोक बेटावर आज जे फ्लेचर ख्रिश्चनचे वंशज म्हणून ओळखले जातात, ते सगळे मौआतुआचे वंशज आहेत.