कोणतं क्रोमियम?

नमस्कार, श्रोतेहो.

एक परीक्षानळी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात पाणी आहे, अगदी नितळ. वास नाही, गढूळपणा नाही. त्यात थोडं आम्ल घालायचं, मग डायफेनिलकार्बाझाइड नावाच्या रसायनाचे थेंब सोडायचे आणि पाचेक मिनिटं थांबायचं. पाणी जसंच्या तसं राहिलं तर ठीक. पण कधीकधी त्यात हलकी गुलाबी छटा चढते आणि बघता बघता जांभळी होते. रंग जितका गडद, तितकं त्या पाण्यात क्रोमियम जास्त.

म्हणजे, एका प्रकारचं क्रोमियम. दुसरा प्रकार त्याच पाण्यात असला तरी ही नळी त्याची दखलही घेत नाही. आजचं माझं सगळं बोलणं या दोन प्रकारांभोवतीच फिरणार आहे.

क्रोमियमचं आणि रंगाचं नातं मुळापासूनचं. १७९७ साली लुई निकोला व्होकलँ या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला सायबेरियातून आलेल्या एका तांबड्या-नारिंगी खनिजात हा धातू सापडला. त्याची संयुगं इतक्या रंगांची निघाली, की रंगासाठी असलेल्या 'क्रोमा' या ग्रीक शब्दावरूनच त्याचं नाव पडलं. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा, दोन्ही रंगांमागे क्रोमियमचे मोजके अणू असतात. स्टेनलेस स्टील गंजत नाही तेही याच्याच जिवावर. त्या पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवेतला ऑक्सिजन लागला की क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्याला न दिसणारा पातळ पापुद्रा पृष्ठभागावर तयार होतो. ओरखडा पडला तरी पापुद्रा आपोआप पुन्हा धरतो.

आता ते दोन प्रकार. रसायनशास्त्रात त्यांना त्रिसंयुजी आणि षट्संयुजी म्हणतात. आपण सरळ क्रोमियम-तीन आणि क्रोमियम-सहा म्हणू. अणू तोच, फरक फक्त इलेक्ट्रॉनांच्या हिशेबाचा. पण स्वभाव टोकाचे वेगळे. क्रोमियम-तीन मुखदुर्बळ. पाण्यात फारसं विरघळत नाही, मातीच्या कणांना चिकटून बसतं, पोटात गेलं तरी बहुतेक सगळं तसंच बाहेर पडतं. क्रोमियम-सहा मात्र पाण्यात सहज विरघळतं आणि भूजलाबरोबर लांबवर प्रवास करतं. नळीतलं पाणी जांभळं करतं ते हेच.

शरीरातही ते आत शिरतं ते सोंग घेऊन. त्याच्या क्रोमेट आयनाची ठेवण सल्फेटसारखी असते. सल्फेट पेशीला लागतं, म्हणून त्याच्यासाठी पेशीच्या आवरणात दारं असतात. त्याच दारांतून क्रोमेट बिनबोभाट आत जातं. आत क-जीवनसत्त्व आणि पेशीतलंच ग्लुटाथायोन नावाचं रसायन त्याला इलेक्ट्रॉन देऊन नरम करतात, आणि सहाचं तीन होतं. ऐकायला बरं वाटतं, पण खरी गडबड इथेच होते. या बदलाच्या वाटेवर जी अर्धवट रूपं तयार होतात ती फार चिडखोर असतात, आणि शेवटी उरलेलं क्रोमियम-तीन पेशीच्या आतच अडकून डीएनएला चिकटतं. गंमत बघा, जठरात आम्लामुळे हाच बदल होतो तेव्हा तो आपला बचाव असतो, कारण तो पेशीच्या बाहेर घडतो. पेशीच्या आत घडला की तोच घात. क्रिया एक, जागा वेगळी.

श्वासावाटे येणाऱ्या क्रोमियम-सहाबद्दल आता वाद उरलेला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९० मध्येच ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. फुप्फुसाचा कर्करोग हे त्यातलं मुख्य दुखणं. क्रोमचा मुलामा देण्याच्या टाकीतून उठणारा बारीक तुषार, स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगचा धूर, क्रोमेट रंगद्रव्यांची भुकटी, या तिन्हींत ते असतं. जुन्या काळी मुलाम्याच्या कारखान्यांत कामगारांच्या नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडायचं. त्याआधी नाकातून रक्त येई, खपल्या धरत. भोक पडताना पुष्कळांना दुखतही नसे, म्हणून ते उशिरा कळायचं.

पाण्यावाटे येणाऱ्या क्रोमियमचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. जठर त्याला सांभाळून घेतं, असं बराच काळ धरून चाललो होतो. मग २००८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचे प्रयोग प्रसिद्ध झाले. पिण्याच्या पाण्यातून क्रोमियम-सहा दिलेल्या मोठ्या उंदरांच्या तोंडात आणि छोट्या उंदरांच्या लहान आतड्यात गाठी झाल्या. मात्रा खूप मोठ्या होत्या, हे सांगायलाच हवं. पण पोटात गेलं म्हणजे निभावलं, ही समजूत तिथं मोडली.

सिमेंटबद्दल थोडं बोलतो, कारण तिथं एक साधा उपाय खरंच लागू पडला. कच्च्या मालातलं क्रोमियम भट्टीच्या उष्णतेत काही अंशी सहाच्या रूपात जातं. ओल्या सिमेंटमध्ये वर्षानुवर्षं हात घालणाऱ्या गवंड्यांच्या कातडीला मग चट्टे, भेगा, खाज. एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर सोडत नाही. सिमेंटमध्ये थोडं फेरस सल्फेट मिसळलं, तर पाणी पडताच सहाचं तीन होतं. डेन्मार्कनं हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू केलं आणि तिथल्या बांधकाम कामगारांमधली ही ॲलर्जी घटली. २००५ पासून युरोपीय संघात सिमेंटमधल्या विरघळणाऱ्या क्रोमियम-सहाला दर दहा लाख भागांत दोन भाग ही मर्यादा आहे. फक्त पोतं फार दिवस पडून राहिलं तर फेरस सल्फेटचा जोर ओसरतो, तेव्हा पोत्यावरची तारीख बघावी.

बरं, क्रोमियम शरीराला हवंही असतं ना, असं कुणीतरी विचारेलच. १९५०च्या दशकात उंदरांवरच्या प्रयोगांतून ती कल्पना आली. क्रोमियम कमी पडलं तर रक्तातली साखर आटोक्यात राहत नाही, असं तेव्हा मांडलं गेलं. त्या काळच्या प्रयोगांवर पुढे आक्षेप आले. त्यातला एक मला फार आवडतो: उंदरांचे पिंजरेच धातूचे होते, तेव्हा त्यांच्या पोटात नेमकं किती क्रोमियम गेलं याचा भरवसा काय? २०१४ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं सांगून टाकलं, की क्रोमियम आवश्यक पोषकद्रव्य असल्याचा पटण्याजोगा पुरावा नाही. म्हणून साखरेसाठी किंवा वजनासाठी क्रोमियमच्या गोळ्या घेणाऱ्यांना मी तरी विचारतो, की तुमच्या डॉक्टरांना हे ठाऊक आहे का?

मोजमापाची फजिती माणसांच्या रक्ताबाबतही झाली. निरोगी माणसाच्या रक्तातल्या क्रोमियमचे जुने आकडे आजच्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठे आहेत. माणसं बदलली नाहीत. रक्त काढायची सुई स्टेनलेस स्टीलची, आणि उपकरणंही आजच्याइतकी काटेकोर नव्हती. नमुन्यात उतरत होतं त्यातलं बरंचसं क्रोमियम बाहेरचं होतं.

आता पाण्याचा अहवाल हातात घेऊ. समजा त्यावर लिहिलंय, 'एकूण क्रोमियम, लिटरमागे ४० मायक्रोग्रॅम'. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५०, म्हणजे पाणी पास. अमेरिकेची देशपातळीवरची मर्यादा १००, तिथं तर आरामात पास. पण कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये फक्त क्रोमियम-सहासाठी १० ची वेगळी मर्यादा लागू केली. त्या चाळिसातलं बहुतेक सहाच असलं, तर हेच पाणी तिथं नापास. सगळं तीन असलं, तर एवढी धास्ती नको. अहवालातला 'एकूण' हा शब्द नेमकी हीच गोष्ट झाकून ठेवतो. म्हणून आकडा किती हे विचारण्याआधी मी विचारतो, कोणतं?

कॅलिफोर्नियानं हे मनावर घेतलं त्याला हिंकली नावाच्या वाळवंटी गावाची पार्श्वभूमी आहे. तिथल्या वायुवाहिनीच्या केंद्रावर १९५२ ते १९६६ या काळात शीतमनोऱ्यांच्या पाण्यात क्रोमियम-सहा घालत, लोखंड गंजू नये म्हणून. वापरलेलं पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडून देत. ते झिरपलं, भूजलात मिसळलं आणि लोकांच्या विहिरींत पोचलं. खटला झाला. १९९६ मध्ये ३३ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली.

पैसे वाटून झाले तरी पाणी तिथंच होतं. ते साफ करायची रीत ऐकण्यासारखी आहे. जमिनीत इथेनॉल सोडतात. त्यावर मातीतले जिवाणू वाढतात, आसपासचा ऑक्सिजन संपवतात आणि सहाचं तीन होतं. ते मग मातीला धरून बसतं. शिवाय दूषित भूजल उपसून लसूणघासाच्या शेतांना देतात. तिथंही मुळांपाशी मातीत तोच बदल घडतो.

पण त्याच जमिनीत मँगनीजची ऑक्साइडं असतात, आणि ती उलटं काम करतात. तीनला पुन्हा सहा करतात, सावकाश का होईना. म्हणून निरीक्षण विहिरींतून पाणी काढून तपासत राहावं लागतं, वर्षानुवर्षं, आणि दर वेळी नळी गुलाबी होते का ते बघावं लागतं.

नमस्कार.