मूठभर माती, पाच चिंचोके

(लहान मुलांच्या घरच्या शिक्षणावर पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

समोरच्या टेबलावर परातीत कुंभाराकडची मळलेली माती आहे. शेजारच्या वाटीत पाच चिंचोके, एक जुनी लग्नपत्रिका आणि बोथट टोकांची कात्री. तीन ते सहा वर्षांच्या मुलाबरोबर महिनाभर पुरेल एवढं हे सामान आहे. पालक आधी विचारतात, ‘काय काय आणू?’ त्याच्याही आधी विचारायला हवं, ‘किती देऊ?’ घरातला खेळ फसतो तो बहुतेक वेळा प्रमाणात फसतो. रंगाच्या बारा बाटल्या एकदम उघडल्या की दहा मिनिटांत सगळ्यांचा मिळून एकच मातकट काला होतो. मूल कंटाळतं, घरातले वैतागतात आणि बाटल्या माळ्यावर जाऊन पडतात. तेच पिवळा आणि निळा असे दोनच रंग दिले, तर हिरवा मुलाला स्वतःला सापडतो.

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं; पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या तिथल्या आदिवासी पाड्यांना माँटेसरी शिक्षणपद्धतीची विकतची साधनं परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. आणि मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. यातलं ‘स्वस्तात होतं’ एवढंच आपण उचलतो. पण माँटेसरीच्या साधनात मोजमाप आधीच घडवलेलं असतं. चिंचोक्यात ते नसतं, ते आपल्याला मांडणीत आणावं लागतं. साहित्य साधं असेल तेव्हा मांडणी जास्त नेटकी लागते.

आता माती. मूर्तीची शाडू आणू नका. ती कमी चिवट असते, लहान हातात पटकन तडकते. कुंभाराकडची माती किलोभर पुरते. मुलाला एका वेळी त्याच्या दोन मुठींत मावेल एवढाच गोळा द्यायचा. मोठा ढेकूळ दिला की मूल तो नुसता थापटत बसतं, कारण तो वळवायची ताकद मनगटात अजून आलेली नसते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेचीच असतात, एकेक करत टणक होतात, आणि शेवटचं टणक व्हायला नववं ते बारावं वर्ष उजाडतं. चौथ्या वर्षी पेन्सिलीने ओळीत लिहायला लावणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

माती तयार आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे. करंगळीएवढी जाड सुरळी करा आणि बोटाभोवती वळवा. तडे गेले तर पाणी कमी, बोटाला चिकटली तर जास्त. पाणी घालताना वाटीने ओतू नका. हात ओला करून मळा, दर दोन मिनिटांनी पुन्हा सुरळी करून बघा. जास्त ओली झाली तर वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. जुन्या सुती कापडावर तासभर पसरून ठेवा.

मुलांचा हत्ती हमखास होतो आणि हमखास त्याचे पाय निखळतात. गुळगुळीत पोटाला गुळगुळीत पाय नुसता चिकटवलेला असतो. वाळताना दोन्ही तुकडे आकसतात आणि सांधा सुटतो. म्हणून जोडायच्या दोन्ही जागी खराट्याच्या काडीने आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या. मग पाण्यात कालवलेली, दह्याइतकी दाट माती मधे लावायची, दाबायचं आणि सांध्यावरून बोट फिरवायचं. रेघा मूल ओढेल, दाबेलही मूलच. तुम्ही फक्त एकदा स्वतःच्या वेगळ्या गोळ्यावर करून दाखवायचं, त्याच्या हत्तीला हात लावायचा नाही. वाळवायचं सावलीत. उन्हात वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि पाठीला भेग पडते. हात धुवायला बादली ठेवा. माती खाली बसली की वरचं पाणी झाडांना घाला आणि खालची माती पुन्हा वापरा. बेसिनमध्ये धुतलीत तर प्लंबरची ओळख होईल.

फ्लॅटमध्ये माती नकोच असेल तर मैद्याचा गोळा करा. एक वाटी पाण्यात पाव वाटी मीठ आधी पूर्ण विरघळवा, कारण मिठाचे खडे राहिले तर टोचतात. त्यात एक वाटी मैदा, पोहे खायच्या मोठ्या चमच्याने चमचाभर तेल आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून मंद आचेवर ढवळत राहा. चार-पाच मिनिटांत मिश्रण कढईच्या कडा सोडून गोळा होतं. कोमट झालं की मळा. मैद्याऐवजी कणीक चालते, पण कोंड्यामुळे गोळा खरबरीत होतो आणि लवकर आंबतो. मीठ गोळा टिकवतं, पण तेच मीठ पावसाळ्यात हवेतली ओल ओढतं आणि गोळा चिकट होतो. तेव्हा चिमूटभर कोरडा मैदा मळून घ्यायचा, सगळा फेकून द्यायचा नाही. हा गोळा खायचा नाही, हे मुलाला स्पष्ट सांगा. एवढं मीठ पोटात जाणं मुलांना वाईट, घरातल्या कुत्र्याला तर फारच.

कात्रीच्या आधी फाडणं येतं. वर्तमानपत्राचा एक चौकोन घ्या आणि एका बाजूने फाडा: सरळ पट्टी निघते. काटकोनात वळवून पुन्हा फाडा, कागद वाकडातिकडा जातो. कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेने पडलेले असतात, म्हणून असं होतं. चार वर्षांच्या मुलाला तंतू समजावू नका. ‘कागदाला कुठली बाजू आवडते?’ एवढं विचारा आणि थांबा. अंगठा आणि पहिली दोन बोटं इथे जी हालचाल करतात तीच पुढे पेन्सिल धरताना लागते.

मग कात्री. पातळ कागद पात्यांच्या मधे दुमडतो, मुलाला वाटतं आपल्यालाच येत नाही. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा उत्तम. त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या तुम्ही कापून ठेवा, म्हणजे एका ‘कच्’मध्ये तुकडा पडतो. आठवडाभर नुसते तुकडेच पाडू दे. त्यानंतर चार बोटं रुंद पट्टी, जाड रेघ आखून. मनगट उलटं वळत असेल तर अंगठ्याच्या नखावर टिकली लावा आणि सांगा, ‘टिकली आभाळाकडे.’ डावखुऱ्या मुलाला डावखुरी कात्रीच घ्या. उजव्या कात्रीत डाव्या हाताचा जोर पाती एकमेकांपासून लांब ढकलतो आणि पातं रेघेच्या आड येतं. ही मुलाची चूक नव्हे.

आता चिंचोके. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर हा खेळ नाहीच. सव्वा इंच व्यासाच्या भोकातून जी वस्तू आरपार जाते ती त्या वयाला घशात अडकायची भीती असते. त्याहून मोठ्या मुलांसाठी पाच चिंचोके फरशीच्या खरबरीत बाजूवर घासा, एका अंगाचं तपकिरी साल जाऊन पांढरं दिसेपर्यंत. घासायचं काम मुलाचंच; फार जोरात घासलं की चिंचोका तापतो, हाही शोध त्याला लागू दे. झाले आपले जुने फासे. ओंजळीत खुळखुळवून टाकायचे आणि पांढरे मोजायचे. पाचही पांढरे क्वचित पडतात, म्हणून तसं पडलं तर आणखी एक डाव.

पहिले काही दिवस मूल प्रत्येक चिंचोक्यावर बोट ठेवून मोजतं. मोजू द्या. मग एके दिवशी तीन पांढरे नुसत्या नजरेने कळतात, आणि त्याच्याही पुढे, दोन तपकिरी दिसताच ‘तीन’ हे उत्तर येतं. पाचाची फोड तोंडपाठ न करता हाताखाली आली. जमिनीवर खडूने वीस घरांचा पट आखा आणि सोंगटी म्हणून बाटलीचं झाकण घ्या. इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक मूल करतं: सोंगटी ज्या घरात उभी आहे तेच घर ‘एक’ म्हणून मोजतं. मोजणं चुकतं असं वाटून आपण आकडे घोकून घेतो, पण आकडे त्याला येतातच. घर मोजायचं की चाल, एवढाच घोटाळा आहे. तेव्हा ‘एक उडी, दोन उड्या’ असं म्हणत सोंगटी खरंच उचलून टेकवायला लावा.

रंगासाठी एक ताटली पुरे. हळद पाण्यात कालवून जाड कागदावर फासा, वाळू द्या. अंघोळीच्या साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट त्यावर फिरवलं की लाल रेघ उमटते. लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळी होते. हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे प्रत्येक घरात माहीत आहे, इथे तोच डाग कामाला लावलाय. चुना मात्र वापरू नका, डोळ्यात गेला तर भाजतो.

मूल काम करत असताना ‘हे काय काढलंस?’ हा प्रश्न टाळा. बरेचदा त्याने काहीच ‘काढलेलं’ नसतं, आणि तुम्ही विचारलंत म्हणून ते घर किंवा मासा असं काहीतरी सांगून मोकळं होतं. दिसतंय तेवढं बोला: ‘इथे खूप जोरात दाबलंस’, ‘ही रेघ लांब गेली’. ‘वा, छान’ हे तर फारच स्वस्त झालंय. आणि वीस मिनिटांनी मूल उठलं तर उठू दे. ताट मात्र पुसून जागेवर ठेवायचं, तेही त्यानेच.

परात आता पुढे पाठवत आहोत. लिंबाएवढा गोळा घ्या, सुरळी करा आणि बोटाभोवती वळवून बघा. तडकली तर पाण्याचं भांडं मागच्या बाकावर आहे.