साथ पुढे, लस मागे

[पडद्यावर: जगाचा नकाशा. एप्रिल २००९पासून तारखा पुढे सरकत जातात.]

एप्रिल २००९. कॅलिफोर्नियातल्या दोन मुलांच्या नमुन्यांत फ्लूचा असा विषाणू सापडला, जो तोवर माणसांत कुणी पाहिलेला नव्हता. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. अमेरिकेत लशीचे पहिले डोस दिले गेले ५ ऑक्टोबरला. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात तिथली दुसरी, सर्वांत मोठी लाट शिखरावर पोचली. लस घेतल्यावर पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला लस आली ती लाट ओसरत असताना.

यात कुणी झोपा काढत नव्हतं. कारखाने सुरू होते, तंत्र कित्येक दशकांच्या सरावाचं होतं, लस कोणत्या विषाणूविरुद्ध करायची हेही पहिल्या काही आठवड्यांतच ठरलं होतं. तरीही साडेपाच महिने गेले.

[पडद्यावर: विषाणूची आकृती, आत आठ पट्ट्या.]

फ्लूच्या विषाणूचं जनुकीय साहित्य आठ सुट्ट्या खंडांत असतं. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू शिरले, तर हे खंड आपसांत बदलतात आणि नवाच विषाणू बाहेर पडतो. १९५७ आणि १९६८च्या महासाथी अशाच, पक्ष्यांतल्या विषाणूंचे खंड माणसांतल्या विषाणूत मिसळून उद्भवल्या. लस करणारेही हीच खोड वापरतात. पीआर८ नावाचा, १९३४ सालचा एक प्रयोगशाळेतला विषाणू अंड्यात जोमाने वाढतो. त्याचे सहा खंड घ्यायचे आणि नव्या विषाणूचे दोन: पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज या प्रथिनांचे. हा झाला लशीचा बीज-विषाणू.

एच५एन१ बर्ड फ्लूच्या बाबतीत (नावातला एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन, एन म्हणजे न्यूरामिनिडेज) एवढ्याने भागत नाही. पेशीत शिरण्यासाठी हिमॅग्लुटिनिन एका जागी कापलं जावं लागतं. साध्या फ्लूत हे काम श्वसनमार्गातली किंवा आतड्यातली ठरावीक विकरंच (एन्झाइम्स) करतात. घातक एच५एन१मध्ये त्या जागी क्षारधर्मी अमिनो आम्लांची माळ असते आणि ती शरीरात जवळपास कुठेही कापली जाते. म्हणूनच तो कोंबड्यांचे कळप झपाट्याने मारतो आणि लशीसाठी आणलेल्या अंड्यातला भ्रूणही मारतो. तेव्हा आधी प्रयोगशाळेत तो तुकडा जनुकातून काढून टाकायचा, मग तयार झालेला विषाणू निरुपद्रवी असल्याची कोंबड्यांवर आणि फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यावर खात्री करायची, आणि मगच तो कारखान्याकडे पाठवायचा.

[पडद्यावर: अंड्यांच्या ट्रे. प्रकाशासमोर धरलेल्या एका अंड्यात भ्रूणाच्या रक्तवाहिन्यांचं जाळं.]

कारखान्यात लागतात ती ९ ते ११ दिवसांची फलित अंडी. प्रकाशात भ्रूण जिवंत दिसला की कवचाला बारीक छिद्र पाडतात आणि सुईने बीज-विषाणू भ्रूणाभोवतालच्या द्रवात सोडतात. पुढचे दोन-तीन दिवस अंडी ३३ ते ३५ अंश सेल्सियसला उबवतात. त्यानंतर ती रात्रभर ४ अंशांवर थंड करतात. ही पायरी घाईत उरकून चालत नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे कवच उघडल्यावर द्रवात रक्त उतरत नाही. उतरलं तर विषाणू तांबड्या पेशींना चिकटून बसतो आणि हातचं उत्पन्न जातं.

एका अंड्यातून साधारण दहा मिलिलिटर द्रव निघतो. पुढे तो सेंट्रिफ्यूजमध्ये साखरेच्या द्रावणाच्या थरांतून फिरवून शुद्ध करायचा, फॉर्मॅलिन किंवा बीटा-प्रोपिओलॅक्टोनने विषाणू निष्क्रिय करायचा, डिटर्जंटने त्याचे तुकडे करायचे आणि शेवटी बारीक गाळणीतून जंतुविरहित करायचा. हंगामी लशीच्या हिशेबात ढोबळमानाने एका अंड्यामागे एक डोस धरतात. पण हा हिशेब बीज-विषाणू नीट वाढला तरच खरा. २००९मध्ये पहिले बीज-विषाणू हंगामी विषाणूंच्या मानाने बरेच कमी वाढले आणि वेळापत्रक तिथेच घसरलं. शिवाय ही अंडी ऐनवेळी मागवून मिळत नाहीत. कोंबड्या कित्येक महिने आधी वाढवायला घ्याव्या लागतात. आणि बर्ड फ्लूच्या वेळी तर ज्या रोगाविरुद्ध लस करायची, तोच या कोंबड्यांच्या जिवावर उठलेला!

[पडद्यावर: पारदर्शक जेलची चकती, तिच्यातली छिद्रं, भोवती निळी वर्तुळं.]

उत्पादन तयार असूनही कुप्या भरता येत नाहीत, असाही काळ जातो. एका डोसमध्ये हिमॅग्लुटिनिन नेमकं किती, हे मोजावं लागतं. त्यासाठी जेलमध्ये प्रतिपिंडं मिसळतात, छिद्रात लशीचा नमुना घालतात आणि तो पसरून जे वर्तुळ उमटतं त्याचा व्यास मोजतात. चाचणी सोपी आहे. अडचण अशी की प्रत्येक नव्या विषाणूसाठी प्रतिपिंडं नव्याने लागतात. शुद्ध हिमॅग्लुटिनिन मेंढ्यांना टोचायचं आणि त्यांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडं उतरेपर्यंत थांबायचं, यात दोन-तीन महिने जातात. मेंढीला घाई करता येत नाही.

यापेक्षाही मोठा घोळ मायक्रोग्रॅमचा आहे. तीन विषाणूंच्या हंगामी लशीत प्रत्येकाचे १५, म्हणजे एकूण ४५ मायक्रोग्रॅम हिमॅग्लुटिनिन असतं. २००७मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एच५एन१ लशीला ९० मायक्रोग्रॅमचे दोन डोस लागत, आणि एवढं करूनही निम्म्याहून कमी लोकांत प्रतिपिंडं अपेक्षित पातळीला पोचली. बहुतेक माणसांच्या शरीराला एच५ची ओळखच नसते, त्यामुळे पहिला डोस जेमतेम तोंडओळख करून देतो. आता गणित मांडा. माणशी १८० मायक्रोग्रॅम म्हणजे चार हंगामी डोसांचा माल. जो कारखाना चार कोटी हंगामी डोस काढतो, तो तेवढ्याच मालात एक कोटी माणसांनाच पुरे पडेल.

यावर तोडगा म्हणजे अ‍ॅडजुव्हंट, प्रतिकारशक्तीला चेतवणारं तेल-पाण्याचं मिश्रण. एएस०३ नावाच्या अ‍ॅडजुव्हंटसोबत एच५एन१साठी ३.७५ मायक्रोग्रॅमचे दोन डोस चांगला प्रतिसाद देतात. तोच कारखाना, तोच माल, आणि माणसं चोवीस कोटी. आमच्या मते महासाथीच्या तयारीत याच्याइतका फरक पाडणारी दुसरी गोष्ट नाही. मात्र २००९मध्ये हेच अ‍ॅडजुव्हंट असलेली लस युरोपात दिल्यानंतर, ऑगस्ट २०१०मध्ये फिनलंड आणि स्वीडनमध्ये लस घेतलेल्या मुलांत नार्कोलेप्सीचे, म्हणजे अनावर झोपेच्या विकाराचे रुग्ण वाढल्याचं लक्षात आलं. दोष अ‍ॅडजुव्हंटचा की विषाणूच्या प्रथिनाचा, यावर पुढे वर्षानुवर्षं संशोधन झालं.

इतका दुर्मीळ परिणाम आधीच्या चाचण्यांत दिसणं शक्य नव्हतं. काही हजार स्वयंसेवकांत लाखात एखादी घटना सापडत नाही. १९७६मध्ये अमेरिकेने स्वाइन फ्लूच्या भीतीने ४ कोटींहून अधिक लोकांना लस दिली. गिलेन-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे, दर लाख लसधारकांमागे साधारण एक, असे जास्तीचे रुग्ण आढळले आणि मोहीम थांबवावी लागली. महासाथ तर आलीच नाही.

परिणामकारकतेचा प्रश्न आणखी अवघड. जो रोग माणसांत पसरतच नाही, त्याच्यापासून लस वाचवते हे दाखवायचं कसं? मग प्रतिपिंडं मोजायची आणि १:४० ही पातळी गाठली, म्हणजे चाळीसपट पातळ केलेला रक्तद्रवही विषाणूला तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवू देत नाही असं दिसलं, की समाधान मानायचं. ही पातळी ठरली ती हंगामी फ्लूच्या अनुभवावरून. एच५साठी या चाचणीत कोंबडीच्या किंवा टर्कीच्या नव्हे, घोड्याच्या तांबड्या पेशी वापराव्या लागतात. नाहीतर असलेली प्रतिपिंडंही नीट दिसत नाहीत.

[पडद्यावर: पोलादी टाक्या.]

अंड्याला पर्याय आहेत. कुत्र्याच्या मूत्रपिंडातून काढलेल्या पेशींवर वाढवलेली लस अमेरिकेत २०१२ साली आली, कीटकांच्या पेशींत हिमॅग्लुटिनिन बनवणारी २०१३ साली. या दुसरीला जिवंत फ्लू विषाणू लागतच नाही. एमआरएनए लस म्हणजे प्रथिन बनवण्याचा जनुकीय संदेशच टोचणारी लस; तिला तर जनुकाचा क्रम हाती आला की सुरुवात करता येते. पण कुप्या भरणं, साठवणीचं तापमान, टोचल्यानंतरचा ताप-अंगदुखी हे प्रश्न तिलाही आहेतच, आणि सरकारांच्या मर्जीचाही: मे २०२५मध्ये अमेरिकी सरकारने मॉडर्नाच्या एच५ लशीचा निधी रद्द केला.

नमुने मिळतील हेही गृहीत धरता येत नाही. आपण विषाणू द्यायचे आणि त्यापासून झालेली लस श्रीमंतांनी आधी घ्यायची, हे मान्य नसल्याने इंडोनेशियाने २००७मध्ये एच५एन१चे नमुने देणं थांबवलं. त्यातूनच २०११मध्ये नमुने आणि लाभ दोन्ही वाटून घेण्याची जागतिक चौकट ठरली.

साथ येण्याआधीच लस करून ठेवायची, तर महासाथ नेमका कोणता विषाणू आणेल हे माहीत नसतं. तरी काही देश धोका जास्त असलेल्यांपुरती ही जोखीम घेतात. फरसाठी प्राणी पाळणाऱ्या फार्मांवर बर्ड फ्लूचा उद्रेक झाल्यानंतर फिनलंडने २०२४मध्ये फार्मवरचे कामगार, पशुवैद्य आणि प्रयोगशाळेतल्या लोकांना लस द्यायला सुरुवात केली. ती बनवली होती २०२०च्या एच५एन८ विषाणूपासून, एमएफ५९ हे तेल-पाण्याचंच दुसरं अ‍ॅडजुव्हंट घालून. पसरणारा विषाणू एच५एन१ असला तरी दोघांचं हिमॅग्लुटिनिन एकाच वंशशाखेतलं. न्यूरामिनिडेज मात्र जुळत नाही.