अन् मॅच कुठं गेली?

[मैदान, सकाळची वेळ. फक्कीचं पोतं, दोरीचं रीळ, चार खुंट्या.]

‘झुंड’ पाहिला नसेल तर व्हिडिओ इथंच थांबवा. पुढं सगळा शेवट फोडलाय.

आणि पाहिला असेल तरी एक सांगून ठेवायला हवं. चित्रपटातलं एकही दृश्य इथं दिसणार नाही. दिसेल ते नागपूर. हे मैदान, ही फक्की, एक भिंत, पासपोर्टची रांग, आणि सोनेगावहून उडणारी विमानं.

[एक पोट्टा पावलं मोजत चालतो. मागून दुसरा फक्कीची रेघ ओढतो.]

हा पोट्टा चित्रपट मोजतोय. एका पावलाला एक मिनिट. ‘झुंड’ १७८ मिनिटांचा, म्हणजे १७८ पावलं. या गोलपोस्टपासून निघाला तर समोरचा गोलपोस्ट येतो आणि पावलं उरतात. वळून परत यावं लागतं.

नागराज मंजुळेंचा हा चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी लागला. अमिताभ बच्चन यांचा विजय बोराडे ज्यांच्यावरून उभा राहिला, ते विजय बारसे इथलेच, हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. २००१ साली पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरं त्यांना दिसली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला, ही गोष्ट नागपुरात बहुतेकांना पाठ आहे. शूटिंग इथलं, पोट्टे इथले, हिंदीही इथलीच, ‘बे’ लावून बोललेली. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. तरी थेटरातून बाहेर पडताना ज्यांचा चेहरा उतरला, त्यांचा प्रश्न एकच होता.

अन् मॅच?

[मैदानाच्या मध्याजवळ, रेघेवर एक वीट ठेवली जाते.]

ही वीट म्हणजे वस्ती विरुद्ध कॉलेज, हा सामना. तो मध्यंतराच्या आधीच होऊन जातो. लांब आहे, मजेचा आहे, आणि खेळाच्या चित्रपटात शेवटाला जे मिळतं ते सगळं त्यातच आहे. चिडवाचिडवी, पडणं, उठणं, बाहेर उभ्या असलेल्यांचा आरडाओरडा.

विटेच्या पुढं किती रेघ उरली ते वरून दिसतंय. एवढ्या रेघेवर पुन्हा तसा सामना नाही. संघाला परदेशात बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकाचं बोलावणं येतं, कागदपत्रांची धावपळ होते, कोर्ट होतं, विमानतळ येतो. विमान उडतं. चित्रपट संपतो. विश्वचषक दिसतच नाही.

शेवट दुःखाचा नाही, हे लक्षात घ्या. कोणी हरत नाही, कोणी मरत नाही. पोरं जातात. तरी माणूस रिकाम्या हातानं घरी येतो. पंगतीत बसवलं, पान मांडलं, मीठ-लिंबू वाढलं आणि यजमान म्हणाला, जेवण फार छान झालं होतं.

[टेप उलगडतो. खुंट्या ठोकल्या जातात.]

मग जी मॅच दाखवली नाही, तीच आधी आखून बघू.

बेघरांच्या विश्वचषकाचं मैदान अकरा जणांचं नसतं. ते २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाली, तीच मुळात रस्त्यावरच्या फुटबॉलची म्हणून.

आखताना पहिली खुंटी ठोकायची, तिच्यापासून २२ मीटरची दोरी ताणायची. काटकोन डोळ्यानं धरायचा नाही. एका बाजूवर तीन मीटरवर खूण करायची, दुसऱ्या बाजूवर चार मीटरवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच मीटर येईपर्यंत दुसरी दोरी सरकवायची. चारही कोपरे झाले की कर्ण मोजायचे. दोन्ही २७ मीटर २० सेंटिमीटर आले तर मैदान चौकस. एक जास्त, एक कमी आला तर कोपरा पळाला. हे हमखास होतं, कारण दोरी ओली असली की तिची लांबी बदलते आणि खुंटी मऊ जमिनीत कलते. फक्की मात्र कोरडीच हवी. दंव पडलेल्या मातीवर टाकली तर रेघ न पडता गोळे पडतात, आत्ता उजवीकडं पडलेत तसे.

[गोल उभारतात. मुलगा गोलखाली वाकून बघतो.]

गोल चार मीटर रुंद, पण उंची फक्त १ मीटर ३० सेंटिमीटर. उंच मारलेला चेंडू वाया. सगळा खेळ जमिनीलगत.

एका बाजूला चार खेळाडू. एक गोलकीपर, तीन बाहेर. बदली चार. बाहेरच्या तिघांपैकी एकानं कायम समोरच्याच्या अर्ध्यात थांबायचं, म्हणजे बचावाला दोघंच. कडेनं फळ्या लावलेल्या असतात, चेंडू बाहेर जात नाही, आपटून परत येतो. थ्रो-इन नाही, उसंत नाही. सात मिनिटं, थोडी विश्रांती, पुन्हा सात मिनिटं. संपलं.

[खेळ सुरू. फळ्यांचा आवाज. इथं वीस सेकंद निवेदन नाही.]

चार गोल झाले. अजून पहिला डावही संपलेला नाही.

इथंच चित्रपटवाल्याची अडचण दिसते. खेळाच्या चित्रपटाचा शेवट कसा रचतात ते प्रेक्षकाला आता तोंडपाठ आहे. बरोबरी, घड्याळात शेवटचं मिनिट, पाय दुखावलेला नायक, आवाज बंद, संथ गती, एक गोल. तो एक गोल सोन्याचा वाटतो, कारण नव्वद मिनिटांत गोल दुर्मीळ असतो. ज्या खेळात दर दीड-दोन मिनिटाला गोल पडू शकतो, तिथं शेवटच्या गोलाला ते वजन येणार कुठून? बरोबरी झालीच तर थेट पेनल्टी. त्यात जिंकणाऱ्याला दोन गुण आणि हरणाऱ्यालाही एक. सरळ जिंकलात तर तीन.

प्रेक्षकाला जी मॅच हवी होती ती या मैदानावर होतच नाही. दाखवायची झाली असती तर अकरा जणांचं स्टेडियम उभं करून खोटी दाखवावी लागली असती. ती न दाखवण्याचा निर्णय आमच्या मते बरोबर होता.

आणखी एक नियम आहे. या स्पर्धेत खेळाडूला आयुष्यात एकदाच उतरता येतं. एकदा गेला की दार बंद.

[पासपोर्टची रांग, बाहेरून. फायली, प्लास्टिकच्या पिशव्या, चहाची टपरी.]

आता उरलेली रेघ. विटेच्या पुढची.

आत कॅमेरा चालत नाही. म्हणून आतलं मैदानावरच मांडलंय.

[मैदानात तीन विटा. मुलं एकामागून एक त्यांच्यापुढून सरकतात.]

पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन भरायचा. साधी ३६ पानांची वही हवी तर फी १,५०० रुपये. तारीख आणि वेळ मिळते. त्या दिवशी मूळ कागद घेऊन जायचं, टोकन घ्यायचं. पहिली वीट म्हणजे ए काउंटर : कागद स्कॅन होतात, फोटो निघतो, बोटांचे ठसे घेतात. दुसरी, बी : अधिकारी मूळ कागद पडताळतो. तिसरी, सी : पासपोर्ट द्यायचा की नाही ते ठरतं. नंतर पोलिस पडताळणी, राहत्या पत्त्याच्या ठाण्याकडून.

अडतं कुठं, तर बहुतेकदा नावात. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. बापाचं नाव एकीकडं पूर्ण, दुसरीकडं नुसतं आद्याक्षर. जन्माची नोंदच नसेल तर गोष्ट लांबते. वर्षाच्या आत नोंद झाली नाही की नंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश आणल्याशिवाय ती होत नाही. रिंकू राजगुरूची मोनिका आणि किशोर कदमांनी केलेला तिचा बाप ज्यासाठी वणवण फिरतात, तो हा ओळखीचा कागद. ही दोघं पडद्यावर येतात तीच मध्यंतरानंतर. तोवर प्रेक्षकाचा जीव दुसऱ्यांत गुंतलेला असतो, आणि त्यांची फरफट त्याला वाट चुकल्यासारखी वाटते. ही पटकथेची चूक म्हणायला हरकत नाही. मोनिका पहिल्या पन्नास पावलांत एकदा दिसली असती तरी फरक पडला असता.

[एक मुलगा तिसऱ्या विटेपाशी थांबतो. बाकीचे पुढं जातात.]

हा थांबला तो चित्रपटातल्या संघातला डॉन समजा. अंकुश गेडामनं केलेला. त्याच्यावर केसेस आहेत.

पासपोर्ट कायदा १९६७ चा. त्याचं कलम ६(२)(फ) सांगतं, फौजदारी कोर्टात खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारला जातो. नुसता एफआयआर म्हणजे खटला नव्हे, कोर्टानं दखल घ्यावी लागते. हा फरक ठाण्याच्या पायरीवर कोणी समजावून सांगत नाही. खटला चालू असला तरी वाट आहे. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार ज्या कोर्टात खटला आहे त्यानं परदेशी जायला परवानगी दिली तर पासपोर्ट मिळतो. कोर्ट आदेशात जेवढी मुदत लिहील तेवढ्याच मुदतीचा. मुदत लिहिलीच नसेल तर एका वर्षाचा. इतरांना दहा वर्षांचा, याला एका वर्षाचा. वर लेखी हमी, कोर्ट बोलावेल तेव्हा हजर राहीन म्हणून.

म्हणजे वकिलानं अर्जात मुदत मागितली नाही, न्यायाधीशांनी आदेशात लिहिली नाही, तर एका ओळीपायी एक वर्ष. मुदत लिहिताना परतीची तारीख चुकली तर वेगळीच पंचाईत. हा पेनल्टी शूटआऊटच आहे, फक्त गोलची उंची किती ते कोणाला माहीत नाही.

[मैदान वरून. १७८ पावलांची रेघ, विटा, त्यावर चालणारी मुलं.]

आमचं म्हणणं एवढंच आहे. थेटरातली रुखरुख खरी, पण बोट चुकीच्या जागी ठेवलंय. शेवटी मॅच नव्हती हे दुखणं नाही. मॅच होती. तिचे नियम कोणी सांगितले नव्हते.

फुटबॉलच्या सामन्यात प्रेक्षकाला नियम माहीत असतात. चेंडू रेघेजवळ गेला की आजीसुद्धा खुर्चीच्या टोकाला येते. ए, बी, सी काउंटर, कलम, अधिसूचना यांतलं काहीच माहीत नसताना डॉन टेबलासमोर उभा राहिला तर तो आत जातोय की बाहेर, हे कळायला मार्ग नाही. कोर्टात बच्चन बोलतात ते लक्षात राहतं. कोर्टानं नेमकं काय दिलं, ते राहत नाही. फलक नाही, म्हणून गोल झाल्याचं कळत नाही.

दोन मिनिटं पुरली असती. टपरीवर कोणीतरी कोणाला तरी सांगतंय : पोलिसाचा कागद आला नाही तर काय, कोर्टानं मुदत लिहिली नाही तर काय, विमान कोणत्या तारखेचं. तारीख भिंतीवर खडूनं. रोज एक खोडायची. १७८ पावलांत दोन पावलं कुठूनही निघाली असती. कुठून, ते सांगायला संकलक लागत नाही. लांब सामना जरा कापला असता तरी चाललं असतं.

[भिंत. तिच्या अलीकडं कचरा, पलीकडं झाडं.]

मंजुळेंचे शेवट प्रेक्षकाला कधीच घरी पोचवून देत नाहीत. २०१३ च्या ‘फँड्री’त जब्याचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो आणि पडदा काळा होतो. २०१६ च्या ‘सैराट’मध्ये आवाज नाही, फक्त लहान पावलांचे लाल ठसे. त्या दोन्ही वेळेला शेवट प्रेक्षकाच्या अंगावर येतो. चुकवायला जागा नसते. ‘झुंड’मध्ये उलटं होतं. शेवट वर जातो, विमानाबरोबर. प्रेक्षक खाली, वस्तीला बाहेर ठेवणाऱ्या भिंतीच्या अलीकडं.

असं मुद्दाम केलं असावं. ज्यांना वर्षानुवर्षं भिंतीबाहेर ठेवलं ते विमानात, आणि तिकीट काढून आलेला खाली. पण मुद्दाम केलं म्हणून टोचत नाही असं थोडंच आहे. त्यात थेटरातही विमान उडालं की दारं उघडतात, बाहेरचा उजेड पडद्यावर पडतो, पार्किंगची घाई सुरू. उरलेलं अर्धं मिनिट कोणी बघत नाही.



[सोनेगाव. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाची पाटी. नंतर मैदान : मुलं खेळतायत, फक्कीची रेघ पायांनी पुसत चाललीय.]

बरोबरी झाली. पेनल्टी. हा उंच मारणार, दिसतंयच.

[गोलवरून चेंडू. ओरडा. डोक्यावरून विमानाचा आवाज, कोणी वर बघत नाही. निवेदन नाही.]