कंपनी गेली, मिस्त्री आहे

(दृश्य: कडुलिंबाखालचं गॅरेज. पोत्यावर मांडलेले इंजिनाचे भाग.)

आर्णीहून दिग्रसकडे निघालं की गाव संपता संपता हा कडुलिंब लागतो. आज त्याच्या सावलीत चार गाड्या उभ्या आहेत. दोन टवेरा, एक स्पार्क आणि एक फिगो. यातल्या एकाही ब्रँडची नवी गाडी आज भारतातल्या शोरूममध्ये मिळत नाही. शेव्हरोलेनं 2017 च्या अखेरीस विक्री थांबवली. फोर्डनं 2021 च्या सप्टेंबरात इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. इथे मात्र मिस्त्रींना जेवायलाही सवड नाही.

(दृश्य: मागचे पाटे काढलेली टवेरा. भट्टी. लाल झालेलं पान.)

हे टवेराचे मागचे पाटे, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचा जुडगा. यातलं एक पान तुटलंय. ओरिजिनल मिळेल का, असं इथे कुणी विचारलंसुद्धा नाही. ट्रकच्या जुन्या पाट्यातून मापाचं पान कापलं. शेजारच्या भट्टीत ते लाल झालं की ठोकून त्याला कमान द्यायची. दोन पानं एकावर एक ठेवून मधून उजेड दिसतो का ते पाहायचं, दिसला तर परत भट्टीत. मग तेलात बुडवायचं. हा आवाज ऐका. पान थंड झालं की बाकीच्या पानांसोबत मधल्या बोल्टात आवळायचं. संध्याकाळी ही गाडी पुन्हा काळी-पिवळीच्या नंबरात उभी राहील.

(बाईट, मिस्त्री: "कंपनी असली काय अन् नसली काय, बाप्पा. कंपनी थोडीच येते इथं नट कसाले.")

(दृश्य: भरलेली टवेरा. टपावर कापसाची गाठोडी, मागे लटकलेली पोरं.)

यवतमाळ, वाशीम, अमरावती, कुठल्याही तालुक्याच्या बसस्टँडबाहेर ही गाडी सगळ्यांनी पाहिलेली आहे. टवेरा भारतात आली 2004 मध्ये. कागदावर दहापर्यंत सीट. प्रत्यक्षात किती, ते पडद्यावर दिसतंच आहे. नावावर अमेरिकेचा शिक्का असला तरी हिचं मूळ जपानी, इसुझू कंपनीचं. इंडोनेशियात हीच गाडी पँथर नावानं चालायची. खाली ट्रकसारखी चासी, वर अडीच लिटरचं इसुझूचं डिझेल इंजिन. 2013 मध्ये कंपनीनं 1 लाख 14 हजार टवेरा परत बोलावल्या, कारण धुराच्या चाचणीत गडबड झाल्याचं तिनेच कबूल केलं होतं. इथल्या रस्त्यावर त्याचा फारसा गवगवा झाला नाही.

(दृश्य: गॅरेजची भिंत. तेलकट कॅलेंडर, त्यावर सोनेरी बो-टाय.)

हा बो-टाय म्हणजे शेव्हरोलेचं चिन्ह. तिची मालक जनरल मोटर्स 1990 च्या दशकात गुजरातच्या हालोलमध्ये ओपेल अॅस्ट्रा घेऊन आली. शेव्हरोले हे नाव लागलं 2003 पासून. 2008 मध्ये पुणे जिल्ह्यात तळेगावला दुसरा कारखाना उभा राहिला. 2017 च्या मे महिन्यात कंपनीनं सांगितलं, भारतात आता विकणार नाही. हालोलचा कारखाना गेला एमजीकडे. तळेगावहून 2020 च्या अखेरपर्यंत बीट गाड्या परदेशी जात राहिल्या, आणि मग तो कारखाना घेतला ह्युंदाईनं. फोर्डचा साणंदचा कारखाना टाटांकडे गेला. कारखाने असे एकाचे दुसऱ्याकडे गेले. गाड्या होत्या तिथेच राहिल्या, आपल्या गावात.

(दृश्य: पांढरी सेडान. डावा हेडलाइट फुटलेला, त्यावर सेलोटेप.)

आणि ही शेव्हरोले सेल. 2013 चं मॉडेल, डिझेल, नंबर एमएच-29. ही विकायची आहे. घेणारा इथून जवळच्याच गावचा. पाच एकर, त्यात कापूस आणि तूर, धुऱ्याकडून थोडं सोयाबीन. सीतादही, म्हणजे कापूस वेचायच्या आधीची पूजा झाली, पहिला वेचा व्यापाऱ्याकडे गेला, आणि घरात गाडीचा विषय निघाला. वडिलांना दवाखान्यासाठी यवतमाळला न्यावं लागतं.

(बाईट, मुलगा: "मले स्विफ्ट पायजे होती. पण त्याच वर्साची, तेवढीच चाललेली स्विफ्ट लय महाग भेटते. ह्ये स्वस्त हाय. आता स्वस्त कायले हाय, थेच तं पाहाले आलो.")

स्वस्त का आहे, याचं उत्तर गावातला कुणीही देईल. कंपनी पळाली, पार्ट मिळत नाहीत, पुढे कुणी घेत नाही. यातलं तिसरं खरं आहे. दुसरं अर्धंच खरं आहे. ते कसं, ते बोनेट उघडल्यावर कळतं.

(दृश्य: बोनेट उघडतं. टॉर्चचा उजेड इंजिनावर.)

हे इंजिन 1248 सीसीचं. मूळ रचना फियाटची, मल्टिजेट. आता आठवा, हेच इंजिन आणखी कुठे होतं. स्विफ्ट आणि डिझायरच्या डिझेल गाड्यांत. टाटाच्या इंडिका व्हिस्टात, मांझात. फियाटच्या पुंटोत, लिनियात. मारुती ते हरियाणात मानेसरला बनवायची, फियाट आणि टाटा आपल्याच रांजणगावला. बाहेरून जोडलेल्या वस्तू कंपनीगणिक बदलतात, पण आतलं बरंच सामान सारखं. म्हणून या गाडीची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या आतली साखळी मागायला अमेरिकेत जावं लागत नाही. यवतमाळच्या काउंटरवर स्विफ्टची म्हणून मागितली तरी काम होतं.

मिस्त्री गिऱ्हाइकाला पहिल्यांदा हेच विचारतात: या गाडीतलं कोणकोणतं सामान दुसऱ्या गाडीतही आहे, आणि कोणतं फक्त हिचंच?

या प्रश्नानं पाहिलं की कडुलिंबाखालच्या गाड्या वेगळ्या दिसायला लागतात. ती छोटी स्पार्क म्हणजे कोरियाच्या देवूची मॅटिझ. देवूही भारतातून केव्हाच गेली, म्हणजे ही पोर दोनदा अनाथ झाली आणि अजून चालते आहे. बीट कोरियातच घडली. तिच्या डिझेलला तीन सिलिंडरचं 936 सीसी इंजिन, ते दुसऱ्या कुठल्या ओळखीच्या गाडीत नाही, म्हणून बीट डिझेल पाहताना मिस्त्री मान हलवतात. सेलचा जन्म शांघायचा. आणि क्रूझ, कॅप्टिव्हा? दिसायला देखण्या, आता किमतीही खाली आल्यात, लग्नाच्या वरातीत शोभतात. पण त्यांच्या गिअरबॉक्सला काही झालं की गाडी टोचन करून नागपूरला न्यायची, आणि तिथेही वाट पाहायची. तालुक्याच्या गावात राहणाऱ्यानं त्या घेऊ नयेत, असं आम्हाला स्पष्ट वाटतं.

(दृश्य: सकाळ. धुकं. गाडी रात्रभर उभी आहे, टपावर दव.)

मिस्त्रींनी मालकाला आदल्या दिवशी निरोप दिला होता, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. गरम इंजिन सगळ्यांचंच गोड वाजतं. थंड इंजिनाला पहिला सेल्फ मारताना खरं काय ते कळतं.

चावी फिरली. दुसऱ्या सेल्फला चालू. मागे थोडा पांढरा धूर आला, मिनिटभरात विरला. निळा राहिला असता तर आत ऑइल जळतंय. काळा राहिला असता तर नोझल नाहीतर टर्बो. आता कान द्या. सुरुवातीला साखळी खळखळते आणि ऑइलचा दाब आला की शांत होते. इथे झाली. न होती तर मिस्त्री तिथेच गाडी बंद करून चहा मागवणार होते.

(दृश्य: डिपस्टिक. ऑइलचं झाकण उघडलेलं, वर तळहात.)

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढलं. तळहात वर धरला. वाफ जोरात फुंकर मारते का, ते पाहायचं. मारत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. कूलंटच्या टाकीत बोट घातलं, तेलाचा तवंग नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा रेडिएटर, पंखा आणि पाइप हे तीनच देव. पंखा लागेपर्यंत गाडी उभ्या जागी चालू ठेवली. लागला.

मग मिस्त्री खाली झोपले. चासीचा तळ, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, सायलेन्सर. गाडी आयुष्यभर यवतमाळ जिल्ह्यात चाललीय, त्यामुळे गंज नाही. हीच गाडी रत्नागिरीकडची असती तर तळ आधी पाहिला असता आणि इंजिन नंतर. लोअर आर्म मात्र संपलाय, त्याचं कारण गाडीत नाही, रस्त्यात आहे. (इथे रस्त्याचं दृश्य पुरेसं आहे, निवेदन थांबेल.)

(दृश्य: फुटलेला हेडलाइट, जवळून.)

आणि आता हा हेडलाइट. चेन मिळते, पंप मिळतो, ब्रेकचे लायनर मिळतात, पण हा दिवा फक्त सेलचाच. दाराच्या काचा, बंपर, डॅशबोर्ड, मागचा दिवा, सगळं फक्त हिचंच. विक्री थांबवताना कंपनीनं सर्व्हिस आणि पार्ट देत राहू असं सांगितलं होतं, पण असला नग तालुक्याच्या दुकानात कुणी ठेवत नाही. अशा गाड्या इंजिनानं मरत नाहीत, काचेनं आणि दिव्यानं मरतात. मिस्त्री नागपूरच्या स्क्रॅपवाल्याला फोन लावतात. डावा नाही, उजवा आहे. मग अकोल्याला फोन. तिथे एक सेल कापायला आलीय, डावा शाबूत आहे.

(बाईट, मिस्त्री फोनवर: "काच पिवळी तं नाई ना पडली? पहिले फोटो टाक भाऊ, मंग बोलू.")

इलेक्ट्रॉनिक्सचंही तसंच. चावीत चिप असते, दुसरी चावी मालकाकडून मागूनच घ्यायची. एकच असेल तर किंमत पाडायची. स्कॅनर लावून ईसीएमचे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचे बिघाडाचे कोड वाचून घ्यायचे. इथे गावातल्या एका पोराकडे तो आहे, मोबाइलला जोडतो. दोन जुने कोड निघाले, पुसले, गाडी फिरवून आणली, परत आले नाहीत.

(दृश्य: झेरॉक्सच्या दुकानात कागद.)

कागद. आरसीवरची बँक, म्हणजे कर्जाची नोंद, उतरलीय का, चलन थकलंय का, हे मोबाइलवर पाहून घेतलं. ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30, बँक उतरवायची असेल तर 35. पॉलिसी नावावर करायला विमा कंपनीकडे 14 दिवसांत अर्ज. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागणार. विम्यात मात्र एक मेख आहे. पाच वर्षांपुढची गाडी किंवा कंपनीनं बनवणं बंद केलेलं मॉडेल असेल तर आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ठरलेल्या घसाऱ्याच्या तक्त्यानं निघत नाही, विमावाला आणि मालक यांच्यात बोलून ठरते. म्हणजे तिथेही भाव करायचा. बरेच जण करत नाहीत, समोर येईल त्या आकड्यावर सही करतात. पंधरा वर्षांचं पासिंग 2028 ला संपेल. मग आरटीओत तपासणी, पर्यावरण कर आणि पुढची पाच वर्षं.

सुरक्षेचं सांगायचं तर त्या काळच्या स्वस्त मॉडेलांत एअरबॅग नसायच्या. शेव्हरोलेचीच एन्जॉय 2017 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-चाचणीत शून्य तारे घेऊन बाहेर पडली. या गाडीतही एअरबॅग नाही.

(दृश्य: बाजेवर बसलेले मालक, मुलगा, त्याचे वडील, मिस्त्री. चहा.)

मालक सव्वा लाख म्हणतात. मिस्त्रींनी पाटीवर खडूनं लिहिलंय: लोअर आर्म दोन्ही, क्लच अजून वर्षभर, डावा हेडलाइट, एसीचा गॅस. बेरीज करून पाटी मालकाकडे सरकवली. मालक पाटी वाचतात, हसतात, हेडलाइट आपल्याकडून म्हणतात. वडील इतका वेळ गप्प होते.

(बाईट, वडील: "हेडलाइट अकोल्याहून आनून बसवून द्या, भाऊ. बसल्यावर रात्री एक चक्कर मारू, मंगच इसार देतो.")